आधी पाण्याचं विचारतात, मग भाड्याचं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३१ मे रोजी जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालो. वय ५८. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि विकलेल्या पेन्शनचे मिळून २८ लाख रुपये महिन्याभरापूर्वी खात्यात आले. नुसते बँकेत ठेवण्यापेक्षा महिन्याला भाडं येईल अशा ठिकाणी गुंतवावेत, असं मनात आहे. तीन ठिकाणं बघितली. पहिलं, जुळे सोलापुरातच काम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके, ३० लाख. १० लाख कर्ज काढावं लागेल. बिल्डर म्हणतो, १२ हजार भाडं कुठं गेलं नाही. दुसरं, मेहुण्यांनी दाखवलेल्या, अक्कलकोट रोडच्या बाजूला दीड गुंठ्यावरच्या चार खोल्या, १८ लाख. प्रत्येक खोलीला अडीच हजार भाडं आजही येतंय. व्यवहार नोटरीवर होईल. तिसरं, नवी पेठेतला गाळा, २२ लाख. आत जुना भाडेकरू आहे, महिना ६०० रुपये देतो. एजंट म्हणतो, काढून देतो. बायको म्हणते, काही नको, बँकेत ठेवा. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो तुम्ही ठरवा. आमचं स्वतःचं घर तळमजल्याचं आहे, पंधरा वर्षांपूर्वी रीतसर परवाना काढून बांधलेलं. वर नुसती गच्ची, तिथं पाण्याची टाकी आणि बायकोचं वाळवण. या तिन्हीपैकी कोणतं घ्यावं? आणि मेहुण्यांना दुखवायचं नाही, तेवढं कसं जमवावं?
— एक निवृत्त लिपिक, जुळे सोलापूर

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. किंमत, भाडं, कर्ज सगळं नीट लिहिलंय, टिपणी लिहायची सवय दिसते. पण तिन्हीपैकी एकाही ठिकाणी पाणी किती दिवसाआड येतं, ते लिहिलेलं नाही. सोलापुरात घर बघायला आलेला माणूस चप्पल काढायच्या आधी तो प्रश्न विचारतो. भाडं नंतर. उजनी भरलेली असो नाहीतर तळाला गेलेली, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, हे आपल्या अंगवळणी पडलंय. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं नाव ऐकत आपल्या पोरांची लग्नं झाली. त्यामुळे इथे भाडं नुसतं खोल्यांना मिळत नाही. हौद किती लिटरचा, बोअर आहे का, टाकी वेगळी आहे का, यालाही मिळतं.

आमच्या वडिलांचं पूर्व भागात घर होतं. खाली आम्ही, मागच्या बाजूला दोन बिऱ्हाडं, हौद एकच. पाणी यायचं रात्री दोन-अडीचला. आधी कोणी मोटर लावायची, यावरून दोन्ही बिऱ्हाडांत धुसफूस. एका रात्री एकानं व्हॉल्व बंद करून ठेवला, दुसऱ्याची टाकी कोरडी राहिली, आणि पहाटे आमचं दार वाजलं. वडील बनियनवर बाहेर आले, दोघांची समजूत काढली, एकाला आमच्या पिंपातलं पाणी दिलं. तीन महिन्यांत दोन्ही बिऱ्हाडं गेली. दोन्ही माणसं चांगली होती, भाडं वेळेवर देत होती. त्यानंतर वडिलांनी आधी दोन वेगळ्या टाक्या बसवल्या आणि मगच ‘खोली भाड्याने देणे आहे’ची पाटी लावली. हे सांगतेय एवढ्यासाठी की, भाड्याच्या घरात पैसे घातले म्हणजे रात्री अडीचला वाजणारं दारही विकत घेतलं. ते उघडायला कोण जाणार, हे तुमच्या हिशेबात यायला हवं.

आता एकेक बघू.

गाळ्याचं लवकर आटोपते, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. २२ लाख घालून वर्षाला ७,२०० रुपये. जुन्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण आहे. वर्षाला चार टक्के भाडेवाढ कायद्यानं मिळते, म्हणजे ६०० चे ६२४. त्याच्यामागे धंदा चालवणाऱ्या वारसालाही तो हक्क जातो. काढायचा तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि त्यात किती वर्षं जातात ते कोर्टाच्या आवारात चहा पिणाऱ्या कोणालाही विचारा. एजंट ‘काढून देतो’ म्हणत असेल तर त्याला म्हणा, आधी काढ, रिकाम्या गाळ्याची किल्ली मूळ मालकाच्या हातात दे, मग मी बयाणा देतो. पुन्हा त्याचा फोन येणार नाही.

चार खोल्यांचं मात्र सविस्तर सांगते, कारण वरवर बघता हाच व्यवहार सगळ्यात गोड दिसतो. १८ लाखांवर महिना दहा हजार, म्हणजे वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या वर. मलाही पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं. मग ‘नोटरीवर’ हा शब्द आला.

आपल्याकडे हद्दवाढ भागात गुंठे-दोन गुंठे पाडून शेतजमिनी विकल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी अशाच नोटरीवर, साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर. लोक राहतात, वीज घेतात, मिळकत कर भरतात, आणि वीस वर्षांनी त्यांना कळतं की सात-बारावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे. तो शेतकरी वारला की त्याचे चार वारस उभे राहतात. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरी फक्त एवढंच सांगते की, या माणसानं माझ्यासमोर सही केली. मालकी त्यानं येत नाही. वीज बिल आणि कराची पावतीसुद्धा मालकीचा पुरावा नव्हे, हे तुम्ही जिल्हा परिषदेत राहून मला सांगायला हवं!

अशी गुंठे पाडून झालेली विक्री, म्हणजे गुंठेवारी, नियमित करायचा कायदा २००१ पासून आहे. तेव्हा विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा : त्याच्या नावाचा सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र, आणि खोल्यांचा बांधकाम परवाना. नसतील तर त्या खोल्या उद्या बँकेकडे तारण ठेवता येणार नाहीत आणि विकायला गेलात तर पुन्हा नोटरीवाला गिऱ्हाईकच शोधावा लागेल. मी पंचवीस वर्षं बँकेत कर्ज विभागात काढली. त्यात एक साधी कसोटी हाताशी आली : ज्या कागदावर बँक दहा रुपये देत नाही, त्या कागदावर आपण आपली ग्रॅच्युइटी द्यायची नाही.

दुसरी गोष्ट भाडेकरूंची. अडीच हजारांच्या खोलीत राहणारा माणूस कोण? यंत्रमागावरचा कामगार, विडी वळणारी बाई, शिलाईच्या कारखान्यात जाणारं कुटुंब. कुंभारीला रे नगरमध्ये याच असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या १५ हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. ज्यांना स्वतःचं घर मिळालं, ते तुमच्या खोलीत कशाला राहतील? त्यांना घर मिळालं याचा आनंदच आहे. पण अक्कलकोट रोडच्या बाजूला छोट्या खोल्या विकायला काढणारा मालक आताच का विकतोय, हे त्याला विचारून बघा. ‘आजही भाडं येतंय’ हे खरं असेल. चारही खोल्यांची दारं ठोठावा, आत कोण राहतं, कधीपासून राहतं, ते स्वतः विचारा. गिऱ्हाईक यायच्या आठवड्यात रिकाम्या खोलीत भाच्याचा संसार मांडून ठेवल्याचं मी पाहिलंय.

फ्लॅटचा कागद बहुतेक या दोन्हींपेक्षा बरा निघेल. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा द्यायची कबूल केलेली तारीख, मंजूर नकाशे आणि जागेवर आधीचा बोजा आहे का, हे घरबसल्या बघता येतं. ते बघा. पण कागद चांगला असून आकडा वाईट असू शकतो. माझा हिशेब असा. ३० लाखांवर मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. काम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी एक टक्का, आणखी ३० हजार. झाले ३२ लाख ४० हजार. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेवढे ३० हजार वाचतील. पंखे, गिझर, जाळ्या, किचनमधले कप्पे मी धरलेलेच नाहीत.

आता भाडं. बिल्डरचे १२ हजार बाजूला ठेवा. त्याच रस्त्यावरच्या पूर्ण झालेल्या दोन इमारतींत जा आणि वॉचमनला विचारा, इथे टू बीएचके कितीला गेला. मग संध्याकाळी साडेआठला पुन्हा जा, समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवा लागलाय ते मोजा. मी हे करते, लोक बघतात, बघू देत. दिवा नाही, दोरीवर कपडे नाहीत, बाल्कनीत कुंडी नाही, असे फ्लॅट निम्मे दिसले तर समजायचं की घेणारे सगळे तुमच्यासारखेच गुंतवणूकदार आहेत आणि राहणारा कोणीच नाही. आपली शिकलेली पोरं पुण्याला जातात, तुमचाही गेलाय. इथे भाड्यानं राहतात ते रेल्वेचे, बँकांचे, एनटीपीसीचे बदलीवर आलेले लोक, सिव्हिलच्या मेडिकल कॉलेजचे, अशोक चौकातल्या वालचंदचे, केगावच्या विद्यापीठाचे विद्यार्थी आणि शिक्षक. मागणी आहे, पण ती ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक महिन्यांत. विद्यार्थी जूनपासून येतात, परीक्षा झाली की सतरंजी गुंडाळून गावी. आणि घर भाद्रपदात रिकामं झालं तर पितृपक्ष संपेपर्यंत बघायलाही कोणी येत नाही, घटस्थापनेची वाट बघत बसायचं.

तेव्हा साडेआठ हजार भाडं धरू आणि वर्षाचे अकराच महिने मोजू. ९३,५०० रुपये. त्यातून सोसायटीचा खर्च महिना बाराशे, म्हणजे १४,४००. मिळकत कर सहा हजार, रंग, नळ, एजंटचं कमिशन मिळून आठ हजार. हातात उरले ६५ हजार. ३२ लाख ४० हजारांवर दोन टक्के. (भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी वेगळा आकार लावते, तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. जास्त मागितला तर शासनाचं २००१ चं परिपत्रक दाखवायचं.) दहा लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी धरलं तर हप्ता १२,४०० च्या आसपास. भाडं साडेआठ, हप्ता बारा-चारशे; वरचे चार हजार पेन्शनमधून जाणार, आणि पेन्शन तुम्ही आधीच काही विकलेली आहे. ताबा मिळेपर्यंत तर भाडंच नाही, हप्ता मात्र चालू. शिवाय ५८ व्या वर्षी बँक बहुधा मुलाला सहकर्जदार करायला सांगेल. तो उद्या पुण्यात स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेला की तुमचा हप्ता त्याच्या नावावर मोजला जाईल. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या मुलाला हे आधी सांगितलंय का?

घराची किंमत वाढेल की, असं तुम्ही म्हणाल. वाढेलही. पण ती वाढ विकल्यावर हातात येते, आणि सोलापुरात फ्लॅट विकायला किती महिने लागतात, ते ओळखीत कोणी अलीकडे विकला असेल तर त्याला विचारा. उद्या वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर फ्लॅटची एक खोली तोडून विकता येत नाही.

म्हणून माझं सरळ मत : तिन्ही नको.

पण पत्रात शेवटी शेवटी तुम्ही एक ओळ लिहून गेलात, तिथे मी थांबले. परवाना काढून बांधलेलं घर, वर नुसती गच्ची. जागा तुमची, कागद तुमचे, हौद तुमचा, आणि भाडेकरू राहणार तुमच्या डोक्यावर, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला धावायला नको. वर साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचा एक वन बीएचके काढला तर नऊ-दहा लाखांत बसावा. दर दोन-तीन ठेकेदारांकडून लेखी घ्या. सहा हजार भाडं आणि अकरा महिने धरले तर ६६ हजार. खर्चाला १२ हजार काढून ठेवा. दहा लाखांवर जवळजवळ साडेपाच टक्के होतात. फ्लॅटमध्ये ३२ लाख अडकवून जेवढं मिळणार होतं, त्याच्या जवळपास तुम्हाला दहा लाखांत मिळतंय.

याच्याआधी दोन माणसं गाठायची. पहिला स्ट्रक्चरल इंजिनिअर. पंधरा वर्षांपूर्वी पाया आणि कॉलम वरच्या मजल्याच्या हिशेबानं घातले होते का, हे गवंड्याच्या आठवणीवर सोडू नका. जुने नकाशे काढा आणि त्याला दाखवा. दुसरा महापालिकेकडे नोंद असलेला आर्किटेक्ट, वरच्या मजल्याच्या परवान्यासाठी. ‘आधी बांधू, मग बघू’ म्हणणारे शेजारी भेटतील. त्यांचं ऐकू नका. इंजिनिअर नको म्हणाला तर विषय तिथेच संपला. गच्ची वाळवणालाच ठेवा आणि दुसरं घरही शोधू नका.

बांधलंत तर जिना बाहेरून वेगळा, विजेचं मीटर वेगळं, आणि पाण्याची टाकी वेगळी. या तीन गोष्टींवर पैसे वाचवायचे नाहीत. एकाच मीटरवर दोन घरं म्हणजे दर महिन्याला कूलरवरून वाद. आणि कूलर लागणारच. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरालाही हाताला चटका देतो. स्लॅबवर उष्णता अडवणारा थर किंवा निदान पांढरा रंग द्या, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात भाडेकरू दुसरं घर बघायला लागेल.

आता कराराचं, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. मी स्वतः फसले. दुसऱ्यांच्या कर्जप्रकरणात तीस-तीस कागद तपासणारी मी, माझी विजापूर रोडची खोली ओळखीतून आलेल्या जोडप्याला साध्या स्टॅम्पपेपरवर दिली. सात महिन्यांचं भाडं आणि चार महिन्यांचं वीज बिल थकवून एका रविवारी ते गेले. कुलूप तोडून आत गेले तर बाथरूममध्ये नळाच्या तोट्यासुद्धा नव्हत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मात्र खोलीची किल्ली नीट कागदात गुंडाळून ठेवलेली. तक्रार करायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, करार नोंदवलाय का? मी गप्प.

अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, हा समज आपल्याकडे पक्का आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एका वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून तो आला. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवानगीचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

आणि खर्च किती? सहा हजार भाडं, २० हजार डिपॉझिट, अकरा महिने. एकूण भाडं ६६ हजार, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज १,८३३. त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आत. शहर हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. आधार आणि अंगठा देऊन ऑनलाइन नोंदणी होते, एजंटला घरी बोलावलं तर तो आपले पैसे वेगळे घेईल. माझ्या तोट्या यापेक्षा महाग होत्या.

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सचा खरा उपयोग मुदत संपल्यावर कळतो. राहण्यासाठी दिलेलं घर मुदतीनंतर सोडलं नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दरानं भरपाई मागता येते. दुकानाला हा रस्ता नाही. करारावर ‘भाडेकरार’ लिहिलंय की ‘लिव्ह अँड लायसन्स’, हे म्हणून नीट बघा.

बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं, हेही तुम्हाला कट्ट्यावर ऐकवलं जाईल. मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्याला तसा हक्क मिळत नाही. तरी दर वेळी मुदत संपली की नवा करार करा, जुना तसाच रेटू नका. भाडं बँकेतूनच घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्या. भाडेकरू निवडताना पगाराची स्लिप बघण्याइतकंच आधीच्या घरमालकाला एक फोन करणं मी महत्त्वाचं मानते. आताच्या नव्हे, त्याच्या आधीच्या. आताचा मालक त्याला घालवायला टपलेला असेल तर तोंडभर कौतुक करेल. आणि भाडं थकलं म्हणून कधीही पाणी-वीज तोडायची नाही. राग येतो, व्हॉल्व तर आपल्याच जिन्याखाली असतो, पण त्याच कायद्याच्या कलम २९ नं ते गुन्ह्यात बसतं आणि बरोबर असलेला मालक चुकीचा ठरतो.

प्राप्तिकरात भाडं दाखवा. भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या जपायची गरज नाही.

आता उरलेल्या पैशांचं, आणि याला घाई आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठाव्या वर्षीच मिळते असं बहुतेकांना वाटतं. निवृत्त झालेल्याला ५५ पासून ती घेता येते, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना गेला. एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. भरायच्या दिवशी पोस्टात चालू दर विचारा, ज्या दरानं खातं उघडेल तोच पाच वर्षं राहतो. १५ लाख ८.२ नं ठेवले तर दर तिमाहीला ३०,७५० रुपये खात्यात, ना वॉचमन, ना व्हॉल्व. वहिनींना जोडीदार म्हणून खात्यात घेता येतं. उरलेले तीन लाख साध्या मुदत ठेवीत, लगेच मोडता येतील असे, दवाखान्यासाठी. वहिनी ‘बँकेत ठेवा’ म्हणत होत्या, त्या निम्म्याहून जास्त बरोबर निघाल्या. मी तर त्यांनाच पूर्ण गुण दिले असते, पण पोस्टाचं व्याज पाच वर्षांत वाढत नाही आणि भाडं थोडं थोडं का होईना वाढतं, म्हणून वरच्या मजल्याची बाजू घेतली.

राहिले मेहुणे. त्यांना नाही म्हणूच नका. म्हणा, ‘खोल्या आवडल्या, फक्त मालकाकडून सात-बारा, गुंठेवारीचं प्रमाणपत्र आणि परवान्याची प्रत आणून द्या, माझ्या ओळखीच्या बाईंना दाखवायचीय.’ कागद आले तर मला खरंच पाठवा, मी बघते. नाही आले तर विषय त्यांच्याच बाजूनं थंड होईल, आणि त्यांच्यातला एजंटगिरीचा उत्साह वाया जाऊ नये म्हणून त्यांना ठेकेदारांचे दर काढायला लावा.

आणि आर्किटेक्टला बोलवायच्या आधी वहिनींना गच्चीवर घेऊन जा. बाहेरचा जिना कुठून काढायचा, तुळस मध्ये येते का आणि पापड वाळवायला नव्या स्लॅबवर जायचं तर त्यांच्यासाठी दार कुठे ठेवायचं, हे तिथे उभं राहून ठरवून घ्या.